एक रुपयाही न घेता

८ जानेवारी

बोर्ड लावून आठवडा झाला. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, पहिला मजला, खाली फरसाणचं दुकान. बोर्डावर माझ्या एजन्सीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय : 'परदेशी नोकरीसाठी कामगाराकडून एक रुपयाही घेतला जात नाही.' रंगवणाऱ्यानंच विचारलं होतं, "मॅडम, मग खाता काय?"

आठवड्यात आलेली माणसं : दोघांनी वॉशरूम विचारलं. एक इन्शुरन्सवाला. आणि आज पेणकडचा एक गृहस्थ, मुलाच्या नोकरीसाठी. त्याला सगळं समजावलं. मस्कतजवळची मासळी साठवून पॅक करणारी कंपनी आहे, अठरा माणसं हवीत, विमान, व्हिसा, मेडिकल सगळा खर्च कंपनीचा, आमचे पैसेही कंपनीच देते. त्यानं शांतपणे ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "ते झालं. आता खरं किती ते सांगा."

"काहीच नाही."

"ताई, फुकट फक्त फसवतात." असं म्हणून उठला. खिडकीतून पाहिलं तर रिक्षात बसून टपाल नाक्याकडे गेला. तिकडे कोणाकडे जातात ते मला माहीत आहे. तिथे सोफ्यावर बसवतात, थंड देतात आणि जमीन विकायला लावतात. गर्दी मात्र तिथेच.

हितेश म्हणाला, "मॅडम, आपण थोडी फी ठेवू. नंतर परत देऊ. विश्वास तरी बसेल." मी त्याच्यावर ओरडले. तो कागदपत्रं बघतो, जुन्या एजन्सीतही माझ्याबरोबर होता. तिथे पॅकिंगचं सांगून पोरांना उन्हात सिमेंटच्या गोण्या उचलायला धाडलेलं त्यानंही पाहिलंय. म्हणून तर जास्त राग आला.

१४ जानेवारी

संक्रांतीला गावी गेले. उरणच्या खाडीवर उतरलं की माझी भाषा आपोआप बदलते, हितेशनं ऐकलं तर हसेल.

बाबांचा सोसायटीच्या निवडणुकीचा जोर चालू आहे. मच्छीमार सोसायटीत गेल्या खेपेला त्यांचं पॅनल थोडक्यात पडलं, तेव्हापासून कमळाकर नाखवा हे बाबांचं नाव घरातच मोठं राहिलं, असं आई म्हणते. मतदान दोन मार्चला.

माझी रड ऐकून बाबा म्हणाले, "कवरी पोरा पायजेत?"

"अठरा."

"निवडनार कोन?"

"पयली मी. मग कंपनी."

"म्हंजे आपल्या हातान हाय." तिळगूळ चघळत त्यांनी जरा विचार केला. "पोरा मी आनतो. तू काळजी नको करू."

"पन सगल्यांना सांगा हां बाबा. दोन्ही आल्यांना, वरच्या नि खालच्या. ज्याला काम येतं तो येऊ दे."

"सांगतो गो."

जीव हलका झाला. लायसन्ससाठी बँकेची हमी लागली तेव्हाही बाबांनीच खाडीकडची जागा गहाण ठेवली होती, एक शब्द न बोलता. बाहेरच्या माणसांना पटवण्यात मी उगाच आठवडा घालवला. आपली माणसं ती आपली.

२० जानेवारी

बाबांनी टेम्पो भरून पोरं आणली! जिन्यावर रांग. फरसाणवाला वर येऊन बघून गेला.

सगळे नीट कपड्यांत. आणि एक गंमत : खुर्चीत बसला की प्रत्येक जण मी विचारायच्या आधीच सांगायचा, "आमी कोनाला एक रुपया नाय दिला." अगदी त्याच शब्दांत. बाबांनी त्यांना तत्त्व किती नीट समजावलं असेल! मी दोन आठवडे घसा कोरडा केला ते त्यांनी चार दिवसांत केलं.

सगळी वरच्या आळीची, म्हणजे आमच्याच बाजूची. खालच्या आळीतला एकही दिसला नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "त्यांच्या बोटी हायत. त्यांना कनाला जायाचा हाय परदेशी?" खरंही असेल.

२७ जानेवारी

वैताग. करार मराठीत करून घेतला, कारण जुन्या एजन्सीत कोणी काय सही केली हे कोणालाच कळायचं नाही. आज निवडलेल्या अठरा जणांना बसवून एकेक कलम वाचून दाखवत होते. कामाचे तास. सुट्टी. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा हक्क. दुसऱ्या पानावरच जांभया. मागून आवाज आला, "ताई, सही कुठं करायची तेवढा दाखव."

"अरे, हे तुमच्यासाठी आहे!"

"तुमी केलाय म्हंजे बरोबरच असंल."

हाच विश्वास मला नकोय, हे त्यांना कसं सांगू? परेश नावाचा एकच पोरगा शेवटी थांबला. चोवीस-पंचवीसचा, सरळ, बोलताना जमिनीकडे बघणारा. म्हणाला, "ताई, तिथं नाय जमला, मी परत आलो, तर वरच्यांना राग नाय ना येनार?"

मी म्हटलं, "कंपनीच्या वरच्यांना तुझं नावही माहीत नसतं. तू नोटीस देऊन कधीही येऊ शकतोस, करारात आहे."

तो काहीतरी बोलणार होता. मग "बरा" म्हणून गेला. बिचारा, आताच घरची आठवण येत असेल.

३० जानेवारी

आज मासळी बाजारात अपमान झाला.

उरण नाक्याच्या बाजारात मी सोनाबाईकडूनच घेते. आमच्या गावची, खालच्या आळीची. मी तिला वहिनी म्हणते. आज पापलेट हातात घेतलं तर तिनं ते काढून घेतलं आणि टोपलीवर ओलं बारदान ओढलं.

"काय झालं वहिनी?"

"तुला नाय इकायचा."

"का?"

"माजी मासली. मी कोनाला इकायची ती माजी मर्जी. तू नाय का तुज्या मर्जीनं देत?"

आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. एक जण पदरात हसली. मी काय दिलं नाही हिला? उधारी नाही, भांडण नाही. सकाळी कोणाशी तरी वाजलं असेल आणि भडास माझ्यावर. घरी येऊन अंड्याची पोळी केली.

५ फेब्रुवारी

चांगली बातमी. कंपनीची मुंबईतली प्रतिनिधी आभा हिनं अठराही जणांना वेगवेगळे फोन करून विचारलं, कोणी पैसे मागितले का, कुठे काही द्यावं लागलं का. सगळ्यांचं उत्तर नाही. "निवड स्वच्छ आहे," म्हणाली. मी हितेशला वडापाव मागवायला सांगितला. त्यानं मागवला, पण हा माणूस हल्ली खुश का होत नाही?

फोन ठेवता ठेवता आभा म्हणाली, "एक विचारू? सगळ्यांचे पत्ते एकाच आळीतले कसे?"

मी म्हटलं, "अहो, गाव आहे ते. नातेवाईक नातेवाईकांना सांगतात."

"बरोबर," ती म्हणाली. पण तिचं 'बरोबर' मला आवडलं नाही. मुंबईत बसून गावाचे पत्ते तपासायचे!

११ फेब्रुवारी

एक सुटलं की दुसरं. कंपनीच्या सुपरवायझरनं व्हिडिओ कॉलवर पोरांची कामाची परीक्षा घेतली. निम्म्यांना काही येत नाही. दोघांनी तर कोल्ड स्टोरेज आतून पाहिलेलंच नाही. सुपरवायझर म्हणाला, "मासेमारांच्या गावातून आहेत म्हणालात ना?" मान खाली घालावी लागली.

बाबांना फोन केला. "गावान कोल्ड स्टोरेजमदी काम केलेला कोनी नाय?"

"नाय कोन."

"कोनीच नाय?"

"नाय म्हटला ना. मी प्रचाराला निघालोय, मागून बोलू."

परीक्षेसाठी आता एखादं खरं कोल्ड स्टोरेज शोधायला हवं. तळोजाला एक ओळखीचं आहे.

१३ फेब्रुवारी

तळोजाला गेले होते.

मॅनेजरनं त्यांचा जुना माणूस दाखवायला म्हणून जाड जॅकेट घातलेल्या एकाला बोलावलं. टोपी काढली तर काशीरामदादा, सोनाबाईचा नवरा. पंधरा-सोळा वर्षं तिथेच काम करतोय.

मी म्हटलं, "दादा, तुमी इथं? मग आमच्याकडं का नाय आलाव?"

त्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मी चेष्टा करतेय का, असं. मग म्हणाला, "आलतो ना. तुज्या बापाकडं."

"मग?"

"बोलला, नारलावर हात ठेव. एकवीरा आईचा नाव घेऊन बोल, घरातली सगली मतां आमच्या पॅनलला. मी समोरच्या पॅनलचा सूचक, मी कसा ठेवू? तर बोलला, जागा भरल्या." जरा थांबून म्हणाला, "तू नाय धाडलास त्याला?"

"पैसे मागितले?"

"छे. रुपया नाय मागला. तसा खोटा कशाला बोलू?"

मी त्याला नको ते बोलले. समोरच्या पॅनलचे लोक काहीही उठवतात, माझ्या बापाला बदनाम करायला माझं ऑफिस वापरू नका, असं. त्यानं टोपी घातली आणि आत गेला.

परत येताना रिक्षावाल्याला दोनदा चुकीचा पत्ता सांगितला. हे खोटं आहे. निवडणुकीच्या दिवसांत गावात कोणीही काहीही बोलतं.

१४ फेब्रुवारी

हितेशला सहज म्हणून विचारलं, "गावात काहीतरी नारळाचं बोलतायत, ऐकलंस?"

तो प्रिंटरशी खुडबुड करत राहिला.

"हितेश."

"मॅडम, परेशनं सांगितलं होतं. सगळ्यांनीच ठेवलाय हात."

"आणि तू मला बोलला नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." मग खूप हळू, "सगळ्यांनाच वाटतं, तुम्हाला माहीत आहे."

म्हणजे सोनाबाईला. बाजारात पदरात हसणारीला. त्या अठराही पोरांना. माझ्या तोंडासमोर पाठ केलेलं वाक्य म्हणणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की हे मीच शिकवलंय.

१६ फेब्रुवारी

गावी गेले. बाबा ओटीवर मतदारांची नावं वाचत बसले होते.

"बाबा, तुमी नोकरी देऊन मतां घेतलीव?"

त्यांनी चष्मा काढला. "मी रुपया घेतला? कोनाकडशी? दाखव."

"रुपयाचा नाय इचारत."

"मग तुज्या बोर्डावर काय लिवलाय? रुपया घेनार नाय. नाय घेतला. मत घेनार नाय असा लिवलाय का?"

किती संताप आला, आणि किती बिनतोड बोलतात!

"मी बोलली होती, दोन्ही आल्यांना सांगा."

"आनि त्यांनी आमाला कवा काय सांगला?" आता त्यांचा आवाज चढला. "बंदरवाल्यांची भरपाई येनार हाय. ती वाटनार सोसायटी. गेल्या खेपेला जालीचा अनुदान आला, आपल्या आलीत कोनाला मिलाला? इचार तुज्या आईला. मी काय सोतासाठी करतंय?"

"काशीरामला काम येतं बाबा. सोला वरसा करतोय. तुमी धाडलेल्यातल्या निम्म्यांना नाय येत."

"इलेक्शन होऊ दे. मग खालच्या आलीची पन घे. कोन नको बोलतो?"

आई आतून आली. तिचा आवाज कधी चढत नाही. "बापानी जागा गहान ठेवली तवा नाय इचारलास, कोनासाठी ठेवताव म्हनून."

मी पाणीही न पिता निघाले. बसस्टॉपवर येईपर्यंत वाटत होतं मी बरोबर आहे. बस सुटल्यावर वाटायला लागलं, आई बरोबर आहे. पनवेल येईपर्यंत डोकं नुसतं भणभणत होतं.

१७ फेब्रुवारी

हितेशचं म्हणणं : कंपनीनं पैशाचं विचारलं, उत्तर खरं आहे, आपण गप्प बसावं. काम न येणारे बदलू, बाकीचे जाऊ देत. आभाला कळलं तर ऑर्डर रद्द होईल आणि ज्या पोरांनी काही केलं नाही त्यांचंही जाईल.

बरोबर आहे त्याचं. निवडीनंतर कंपनीला भरून द्यायच्या अहवालाचा नमुना उघडून पाहिला. फी, भेटवस्तू, कर्ज, दागिने, सगळ्याचे प्रश्न आहेत. शपथेचा नाही.

आभाला मेल लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला, 'स्थानिक पातळीवर काही गैरसमज' असा. हे वाक्य मी जुन्या एजन्सीत असताना साहेबांकडून शेकडो वेळा ऐकलंय. तेही खोडलं.

१८ फेब्रुवारी

फोनच केला. सगळं सांगितलं. बाबांचं नावही.

आभा मग म्हणाली, "कीर्ती, मला हे तुझ्याकडून कळलं म्हणून मी अजून ऑर्डर ठेवतेय. पण निवड पहिल्यापासून. खुली. परीक्षा आमचा माणूस घेणार. आणि गावात जाऊन सांगायचं की नोकरीचा आणि मताचा संबंध नाही. तूच सांगायचं. मतदानाच्या आधी."

"नंतर नाही चालणार?"

"नंतर सांगून काय उपयोग?"

मला तिचा राग आला. तिचा बाप निवडणुकीला उभा नाही.

२३ फेब्रुवारी

भरतीला बोटी आत येतात तेव्हा दोन्ही आळ्या जेट्टीवर असतात, म्हणून ती वेळ धरली. मी बर्फाच्या रिकाम्या पेटीवर उभी राहिले.

म्हटलं, "मस्कतच्या नोकरीचा आनि सोसायटीच्या मताचा काय एक संबंध नाय. कोन निवडून आला तरी नाय, कोन पडला तरी नाय. आधीची निवड रद्द. गुरुवारी तळोजाला परीक्षा हाय. ज्याला काम येतं त्यानी यावा. कोन्याय आलीचा."

आधी कोणाला कळलंच नाही. कळलं तसा वरच्या आळीच्या बायकांनी मला घेरलं. "आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढतंस? आपल्याच आलीची ना गो तू?" परेशची आई तर रडायलाच लागली. खालच्या आळीचे लोक लांब उभे. त्यांच्यातला एक ओरडला, "आता हा कोनचा डाव?"

काशीरामदादा जाळं गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

मग शकूआजी पुढे आली. गावातली सगळ्यात म्हातारी, दोन्ही आळ्या तिला मानतात. म्हणाली, "तू बोललीस ते बरा बोललीस. पन नारलावर हात ठेवलाय गो पोरी. आई बगतेय. ती शपथ तुज्या बोलन्यानी उतरते का?"

"ती मी नाय घेतली आजी."

"मग ज्यानी घेतली त्यानी सोडवायची."

सगळ्यांनी मागे पाहिलं. बाबा डिझेलच्या टाकीजवळ उभे होते. कधीपासून, माहीत नाही. माझ्याकडे नाही, खाडीकडे बघत होते. वाटलं, आता बोलतील. एक वाक्य पुरलं असतं. ते वळले आणि घराकडे चालायला लागले. माझ्या शेजारून जाताना एवढंच म्हणाले, "जेवून जा."

गेले नाही.

२७ फेब्रुवारी

परीक्षा झाली. दोन्ही आळ्यांतून चाळीसेक जण आले. तळोजाला एकमेकांपासून लांब दोन घोळके करून उभे होते. पण आत थंडीत शिरल्यावर सगळ्यांचे दात सारखेच वाजले.

आभा स्वतः आली होती. दिसायला माझ्यापेक्षा लहान, पायात रबरी बूट, आणि बोलते कमी. तिच्या सुपरवायझरनं निवडलेल्या अठरांत आधीचे आठ राहिले. परेश राहिला, हात चांगला आहे त्याचा. बाकी नवे. काशीरामदादा पहिल्या पाचांत.

त्याला सांगितलं तर म्हणाला, "बघतो." बघतो! मी एवढी आग अंगावर घेतली आणि हा म्हणतो बघतो.

गळलेल्यांपैकी एकाच्या बापानं फोन करून मला नाही नाही ते ऐकवलं. ऐकून घेतलं. पोराला पॅकिंगचं शिकवण्याची काही सोय होईल का, आभाला विचारलंय.

३ मार्च

बाबांचं पॅनल निवडून आलं. घसघशीत मतांनी. सकाळीच त्यांचा फोन, मागे बँड वाजतोय.

"तुज्यामुलं, बाय!"

"माझ्यामुळे?"

"खालची आली फुटली ना! बोलतान, कमलाकरनी पोरीला धाडून दुश्मनाला पन नोकरी दिली. दिलदार मानूस. आनि आपली आली तर शपथेला जागली. दोन्हीकडशी मतां!" ते मनापासून हसत होते, तिसरीच्या निकालाला मला खांद्यावर घेऊन नाचले होते तसे. "तवा मना राग आलता तुजा. आता कलला तू काय केलास ते."

"बाबा, मी ते त्यासाठी नाय केला."

"हाव हाव. कोनाला नाय बोलत मी."

फोन ठेवला आणि उशीत तोंड घालून ओरडले. ऑफिसात आले तर फरसाणवाल्यानं पेढे दिले. त्याचा साडू आमच्या गावचा. म्हणाला, "मॅडम, काय डोकं आहे बापलेकीचं!"

खोटं बोलले असते तर एक वेळ पकडली गेले असते. खरं बोलले, तर ते कोणाला दिसेचना.

१२ मार्च

व्हिसा आले. पुन्हा करार वाचन. ह्या वेळी जांभया कमी. काशीरामदादा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता, मला वाटलं झोपला.

संध्याकाळी बाबांचा फोन. पुढच्या ऑर्डरसाठी त्यांनी पोरं ठरवून ठेवलीत म्हणे. मी म्हटलं, ज्याला यायचं त्यानं स्वतः यावं, तुमच्याकडून एकही नाव घेणार नाही. बाबा मग म्हणाले, "बँकेची हमी जूनला संपते. जागा तवा सोडवून घेतो. आईला शेवग्याची झाडां लावायची हायत तिथं."

शेवग्याची झाडं. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. दुसरी हमी कुठून आणणार ते माहीत नाही. उद्यापासून बँका फिरायच्या.

२८ मार्च

अठरा जण गेले. विमानतळावर दोन्ही आळ्यांचे लोक आले होते आणि निघेपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. पण परेशची बॅग जास्त भरली तेव्हा त्यातलं लोणचं काशीरामदादानं आपल्या बॅगेत घेतलं.

सोनाबाई मला म्हणाली, "तुज्या बापाचे उपकार नाय इसरनार." मी सांगायला गेले की उपकार नाहीत, परीक्षा पास झाला म्हणून जातोय. ती म्हणाली, "हाव, हाव." अगदी बाबांसारखं.

घरी आले आणि चप्पल न काढता बराच वेळ बसून राहिले. एवढं करून एका माणसालाही समजावता आलं नाही.

७ एप्रिल

आजचा दिवसच वाईट. तिसऱ्या बँकेनंही नाही म्हटलं. त्यात दुपारी मस्कतहून काशीरामदादाचा फोन. वाटलं, रुळलो, बरं आहे, असं काहीतरी सांगेल. ना नमस्कार ना चमत्कार.

"कीर्ती, तू वाचून दाखवलास कागदावर, खोलीत चार मानसा. इथं सात हायत. आनि शुक्रवारी कामाला लावला. शुक्रवार सुट्टीचा हाय ना? आठव्या कलमान?"

मी म्हटलं, "दादा, नवी जागा आहे, थोडे दिवस सांभाळून घ्या..."

"कनाला सांभालू? लिवलाय ना? सही माजी हाय तशी त्यांची पन हाय. तू काय करतंस ते सांग, नायतर मी हितं हापिसात जातो."

चिडलेच मी. आख्खं गाव अंगावर घेतलं ह्याच्यासाठी. एक बरा शब्द नाही, आणि वर कलमं सांगतो. म्हटलं, "बाबांना कळलं तर म्हणतील, अजून पंधरवडा झाला नाही आणि तक्रारी."

"तुज्या बापाचा हितं काय संबंध?" काशीरामदादा म्हणाला.

मी मग म्हटलं, आत्ता बघते.

आभाला फोन लावला. सात माणसं, शुक्रवार, आठवं कलम, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "निनावी नोंदवू का? नाव कळलं तर कधी कधी त्रास देतात."

तिला थांबवून काशीरामदादाला परत फोन लावला आणि विचारलं, नाव लिहू का. मागे पोरांचा गलका चालू होता, परेश कोणाला तरी मोठ्यानं सांगत होता की हे पण सांग, ते पण सांग.

काशीरामदादानं सावकाश, एकेक अक्षर सोडवून सांगितलं, "लिव. काशीराम जोमा कोळी. खाली परेशचा पन लिव, तो हो बोलतो."

लिहून घेतलं आणि आभाला पाठवलं.